बोरापेटचा निकाल

अर्चनाने तिसरी प्लेट मशीनमध्ये सरकवली, झाकण लावलं आणि स्टुलावर बसून राहिली. आधीच्या दोन्ही प्लेटींचे आकडे चांगले आले होते, तेव्हाच खरं तर प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. उमैमांना जाऊन सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं नन्नाचा पाढा ऐकून तिची अशी गत झाली होती की होकार आला तर आधी मशीनवर संशय यायचा. मशीन घरघरलं, थांबलं. पडद्यावर आकडे आले, आणि तेही चांगलेच होते.

बोरापेट ही थायलंडातली वेल. आपल्या गुळवेलीची सख्खी बहीणच, फक्त चवीला तिच्याहून कडू. तिकडची म्हातारी माणसं साखरेच्या दुखण्यावर तिचा काढा घेत आली आहेत. दुबईतल्या या प्रयोगशाळेत अशा थाई वनौषधी पेट्या भरभरून येत. मधुमेह, संधिवात अशा जन्माला चिकटणाऱ्या आजारांवर त्यांच्यात खरोखर काही दम आहे का, हे बघायचं काम अर्चनाचं. बहुतेकींत तो नसे. बोरापेटने मात्र तिला धड होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. अर्क काढायचा, त्याचे भाग वेगळे करायचे, प्लेटमध्ये वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर एकेक भाग घालायचा आणि पेशी साखर उचलतात का ते बघायचं. एकदा गुण दिसायचा, पुढच्या वेळी गायब व्हायचा. त्यापायी तिची पाठ कामातून गेली, चष्म्याचा नंबर वाढला. आता त्यातल्या एका भागाने नेहमीच्या गोळीतल्या औषधाच्या तोडीस तोड काम केलं होतं, आणि तेही सलग तिसऱ्यांदा.

तिला आनंद झाला. खूप झाला. मग तिला प्रल्हाद आठवला आणि तो आनंद कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

प्रल्हाद तिचा नवरा. त्याला मधुमेह होता आणि गोळ्यांवर त्याचा राग होता. आपल्या वडिलांच्या किडन्या गोळ्यांनीच गेल्या असं तो सगळ्यांना सांगे. त्या गेल्या होत्या साखरेने. गोळ्या ते सणावारी घेत. दोन वर्षांपूर्वी बोरापेटचा पहिला बरा निकाल आला तेव्हा अर्चनाने हौसेने घरी सांगितलं. प्लेटमधल्या पेशी आहेत, माणसं नव्हेत, हेही सांगितलं. त्याने पेशी सोडून बाकीचं सगळं ऐकलं. त्याच आठवड्यात तो दुबईच्या करामा भागातल्या थाई दुकानातून बोरापेटच्या कॅप्सुलांची डबी घेऊन आला आणि सकाळची गोळी बंद झाली. भांडून झालं, रडून झालं. "एवढे शास्त्रज्ञ तपासतायत ते काय उगाच?" हे त्याचं एकच उत्तर, आणि त्या शास्त्रज्ञांत त्याची बायकोच असल्यामुळे पुढे बोलणंच खुंटे. गेल्या महिन्यात त्याच्या लघवीत प्रोटीन सापडलं. किडनी कुरकुरायला लागली आहे, हे असंच चाललं तर वडिलांच्याच वाटेने जाल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आता हा निकाल. पेशींपासून माणसापर्यंत यायला आठ-दहा वर्षं लागली असती. किती द्यायचं, लिव्हरला ते सोसेल का, सगळं शोधायचं बाकी होतं. त्या डबीतल्या भुकटीशी तर या शुद्ध केलेल्या भागाचं नावापुरतंच नातं. हे तिने घरी कितीही घसा कोरडा करून सांगितलं असतं, तरी प्रल्हादने त्यातला एकच शब्द उचलला असता.

डॉ. उमैमांनी आकडे पाहिले आणि "मबरूक, मबरूक" असं अरबीत अभिनंदन करत तिला मिठीच मारली. उद्याच संस्थेच्या पानावर बातमी टाकू, सगळ्यांचा फोटो काढू, तू मधे उभी राहा, असं त्या म्हणाल्या.

"बातमीत माझं नाव नको," अर्चना म्हणाली. "फोटोतही नको."

"का? काम तर तुझंच आहे."

"घरी एक पेशंट आहे."

"मधुमेहाचा?"

"हो. आणि त्याचा माझ्यावर फार विश्वास आहे."

डॉ. उमैमा म्हणाल्या, शोधनिबंधावर मात्र नाव घालावंच लागेल.

"तिथे असू दे. तो काही ते वाचणार नाही."

सगळे खिडकीपाशी उभे राहिले आणि अर्चनाने सगळ्यांचा फोटो काढून दिला.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. काय बोलायचं ते तिने मनाशी पुन्हा पुन्हा घोळवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. प्रयोगशाळेत तर खोटं न बोलण्याचाच तिला पगार मिळायचा.

प्रल्हादने दार उघडलं आणि चप्पल काढायच्या आत विचारलं.

"आज तिसरी प्लेट होती ना? काय झालं?"

"खलास. काही नाही निघालं."

"म्हणजे?"

"म्हणजे बोरापेट साखरेवर काही करत नाही."

"अगं, थोडं तरी करत असेल."

"थोडंसुद्धा नाही, प्रल्हाद. आम्ही तिन्ही वेळा बघितलं."

तो खुर्चीत बसला. टेबलावरची डबी त्याने उगाच फिरवली.

"पण मला तर बरं वाटतं तिने."

"तुला वाटतं. तुझ्या किडनीला नाही वाटत."

यावर नेहमीसारखं भांडण होईल असं तिला वाटलं होतं. ते झालं नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि तेव्हा कुठे अर्चनाला कळलं की आपले डोळे भरून आलेत.

"किती वर्षं घातलीस गं तू यात," तो हळूच म्हणाला.

पानं त्यानेच घेतली. भाजी गरम केली, पोळ्या काढल्या, तिच्या पानात वाढलं. तिने पोळी मोडलीही नाही. जिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलं होतं, ती हरल्यासारखी बसली होती, आणि समोरचा माणूस तिच्या हरण्याने कळवळत होता. हे त्याला सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

प्रल्हाद उठला. ड्रॉवर उघडून त्याने खालच्या कागदांतून गोळ्यांची स्ट्रिप काढली, मागची तारीख वाचली, एक गोळी काढली आणि दोन घास खाऊन पाण्याबरोबर गिळली.

"घेतली," तो म्हणाला. "रोज घेईन. आता तू जेव."

ती जेवू लागली. तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. दार अर्धवट उघडंच राहिलं. खालच्या मजल्यावरच्या अबरारभाईंना त्याने फोन लावला होता. त्यांना साखर आहे हे अर्चनाला ठाऊक होतं. प्रल्हादने त्यांनाही डबी नेऊन दिली होती, हे तिला आत्ता कळत होतं.

"अबरारभाई, वो बोरापेट छोड दो. नहीं, कुछ नहीं निकला उसमें. आप भी अपनी गोली चालू करो, मैंने अभी ली." तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने आवाज खाली आणला. "हां, बहुत मेहनत की थी उसने. और सुनो, लिफ्ट में मिले तो पूछना मत. बुरा लगेगा उसको."

तो आत आला तेव्हा अर्चनाने, भूक नसताना, आणखी एक पोळी वाढून घेतली होती.