चारही मशीन पाहिजेत

सरलाबाई भांडायला निघाल्या तरी रिकाम्या हाताने जात नसत. सुरतेच्या विद्यापीठाच्या संगणक खोलीत शिरल्या तेव्हा काखेत सुनेचा डबा होता, कळण्याची भाकरी अन् ठेचा.

सून हर्षदा पुराचा नकाशा करत होती, तापी फुगली की खाडीचं पाणी कुठल्या गल्लीत किती चढेल त्याचा. शनिवारी पीएचडीचे बाहेरचे परीक्षक येणार. नकाशा नसला तर वर्ष गेलं. आणि तिचं काम सोमवारपासून रांगेत पडलेलं. आज गुरुवार.

खोली सांभाळणाऱ्या प्रभाकरला त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, "का हो साहेब, मन्ही सून डिंडोलीनी, खान्देशी वस्तीमधली म्हणून मागे का?"

"मावशी, बसा आधी."

"बसाले घर शे मन्हं."

प्रभाकरने भिंतीकडची चार मशीन दाखवली. सगळ्या विभागांना मिळून तेवढीच. "सूनबाईंनी चारही मशीनची मेमरी मागितलीय. चारही एकदम रिकामी व्हायला हवीत ना? एक सुटलं की दुसऱ्याचं छोटं काम शिरतं."

सरलाबाईंनी मोहरा शेजारी उभ्या सुनेकडे वळवला. समाजाची लग्नाची भांडी त्यांच्या घरी असत. मोठं पातेलं मागणाऱ्याला आधी पाहुणे मोजून सांगावे लागत. दोनशे माणसांसाठी हजाराचं पातेलं मागणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"लागते कितली?"

"माहीत नाही, आत्याबाई. कमी पडली तर काम मधेच बंद पडतं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सगळीच मागितली."

"न मोजता! आणि हाई डॉक्टर होणार. मूठभर शिजवून पाह्यलं का?"

प्रभाकर हसला. हर्षदा नाही हसली. पण तिने नकाशाचा दहावा तुकडा एका मशीनवर चालवला, किती मेमरी खाल्ली ते पाहिलं, दहाने गुणलं. दोन मशीनसुद्धा पुरती भरत नव्हती. तिने जुनी मागणी काढली, दोनची टाकली.

तीन वाजता दोन मशीन सुटली. काम सुरू झालं. शुक्रवारी दुपारी ते संपलं आणि नकाशा छापून आला. सरलाबाई हजर होत्याच. अर्धी भाकरी तेवढी त्यांनी प्रभाकरपुढे सरकवली.

"आपली गल्ली कोठे?"

हर्षदाने बोट ठेवलं. गर्द निळं.

"अन् रामदास बिल्डरनी?"

"कोरडी."

"राहणारच, भराव टाकून उंच केली ना त्याने." त्यांनी पदर खोचला. "तू परीक्षकांचं बघ. मी जाऊन गहू माळ्यावर टाकते."