वहिनी काय म्हणाल्या

मास्तरांची नोकरी गेली तेव्हा त्यांच्या हातात एका निवृत्त न्यायाधीशाचा खालचा जबडा होता. जबडा मेणाचा होता. त्यात चार दात बसवून झाले होते, पाचवा चिमट्यात होता. धाकटे मालक मागे येऊन उभे राहिले, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले, "मास्तर, सोमवारी मशीन येतंय."

"येऊ दे."

"ते दातपण बसवतं."

मास्तरांनी पाचवा दात जागेवर ठेवला, अंगठ्यानं दाबला आणि मग मागे वळले. "मग मी काय करू? त्याला पाणी पाजू?"

धाकटे मालक जेमतेम तिशीचे. वडिलांनी त्यांच्या हातात धंदा दिला होता, पण माणसाला काढायचं कसं ते शिकवलं नव्हतं. त्यांनी "शुक्रवारपर्यंत" एवढंच म्हटलं आणि न्यायाधीशाच्या दातांचं कौतुक केलं. पाचच होते.

कवळ्या बनवायचा तो कारखाना म्हणजे चार टेबलांची एक खोली. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे साचे यायचे. प्लास्टरवाला त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, मास्तर मेणात दात लावायचे आणि शेवटी ताई कवळीला पॉलिश करायची. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू या खोलीतून बाहेर पडलं होतं, पण एकानंही कधी येऊन आभार मानले नव्हते. तक्रार असली की मात्र दात रुमालात गुंडाळून हजर व्हायचे.

मास्तरांना नोकरीची फार धास्ती नव्हती. साठीला दीड वर्ष उरलं होतं, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, एकट्या माणसाला असं लागतं किती. त्यांना धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. दुपारी एक वाजता डबा उघडला की प्लास्टरवाला रोज विचारायचा, "काय म्हणतात आमच्या वहिनी?" मास्तरांची बायको आठ महिन्यांपूर्वी वारली होती, आणि आता साऱ्या जगात ती फक्त त्या जेवणाच्या टेबलावर जिवंत होती. शुक्रवारनंतर तेही टेबल जाणार होतं.

हे झालं कसं ते सांगायला हवं.

मास्तर संध्याकाळी घरी जाऊन दिवसभराचं सगळं बायकोला सांगायचे. ती त्यावर काहीतरी बोलायची. ते मास्तर दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर घेऊन यायचे. प्लास्टरवाल्यानं लाल स्कूटर घेतली तेव्हा ती म्हणाली होती, "त्यांना म्हणावं हेल्मेट तोंडाला बांधा. डोक्यात वाचवण्यासारखं काही नाही." प्लास्टरवाल्यानं घास बाजूला ठेवून विचार केला आणि सांगितलं, "वहिनींना म्हणावं, तोंडाला बांधायची गरज कुणाला आहे ते अख्ख्या कारखान्याला माहीत आहे." तो निरोप संध्याकाळी घरी गेला. असं बारा वर्षं चाललं होतं. घर बसनं दीड तास लांब, त्यामुळे दोघांची गाठ कधीच पडली नाही. एकमेकांचं तोंड न बघता इतकं मन लावून भांडणारी माणसं मास्तरांनी दुसरी पाहिली नव्हती.

मग ती आजारी पडली. दोन महिने दवाखान्यात होती. शेवटी मास्तरांनी नऊ दिवस रजा घेतली, आणि दहाव्या दिवशी कामावर आले तेव्हा प्लास्टरवाल्यानं दारातच विचारलं, "काय झालं वहिनींचं?"

मास्तर म्हणाले, "सुटली."

आपल्याकडे जो फार सोसून जातो त्याच्याबद्दल असंच म्हणतात. मास्तरांच्या मनात दुसरा शब्द आलाच नाही. पण दवाखान्यातून घरी सोडलं तरी सुटलीच म्हणतात. प्लास्टरवाल्यानं पांढऱ्या हातानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं? दवाखाना त्यांना कशाला ठेवून घेतोय. आणखी आठवडा राहिल्या असत्या तर डॉक्टरच पळून गेले असते."

ताई हसली. मालक हसले. गेल्या दोन महिन्यांत मास्तरांनी कुणी हसलेलं ऐकलं नव्हतं. खरं सांगून ते हसू बंद पाडायचं त्यांच्या जिवावर आलं आणि ते आपल्या टेबलावर जाऊन बसले. दुपारी डबा उघडला. "काय म्हणतात वहिनी?" झालं. मास्तरांनी सांगून टाकलं, की दवाखान्यातल्या नर्सला ती म्हणाली, तू सुई टोचतेस की सूड उगवतेस. हे ती खरंच म्हणाली होती. मरायच्या आदल्या आठवड्यात.

तिचा साठा तीन आठवडे पुरला. मग मास्तरांना स्वतःच्या पदरचं घालायची वेळ आली. त्यांचा स्वभाव गरीब, कुणाला उणं बोलायची सवय नाही. प्लास्टरवाला एकदा म्हणाला, "वहिनी हल्ली मिळमिळीत बोलतात. औषधांनी जिभेला गंज चढला काय?" मास्तरांना ते लागलं. आपल्यामुळे तिचं नाव खराब होतंय असं वाटलं. तेव्हापासून ते बसच्या दीड तासात डोकं खाजवून बोलणी तयार करू लागले. प्लास्टरवाल्याचं टक्कल, घोरणं, त्याची सासू, काही सोडलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला निरोप आला, "मुलगी आईच्या वळणावर गेली म्हणून उजवली. बापावर गेली असती तर शोकेसमध्ये ठेवावी लागली असती." प्लास्टरवाल्यानं तो निरोप मांडवातल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला.

शुक्रवारी चार वाजता टेबलं पुसून चहा ठेवला. मालकांनी भाषण केलं. "मास्तर आपल्या घरातलेच" असं त्यांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी ताई मास्तरांच्या कानात म्हणाली, "घरातलं माणूस असं काढतात का हो? निदान भांडण तरी करतात आधी." तिनं स्वतःच्या हातानं विणलेला मफलर दिला. म्हणाली, एक टोक लांब झालंय, उसवायचा कंटाळा आला, तसाच घाला.

मग प्लास्टरवाला उठला. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. प्लास्टरची जीभ होती. सगळ्यात कडक, पिवळ्या प्लास्टरची. खाली चौकोनी बैठक, घासूनपुसून गुळगुळीत केलेली.

"स्वतःच्या जिभेचा साचा घेतलाय," तो म्हणाला. "दोनदा ओकारी आली. हे वहिनींचं बक्षीस. पण मास्तर, हे तुमच्या हातात देणार नाही. रविवारी आम्ही तिघं तुमच्या घरी येतोय. बारा वर्षं झाली, एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे."

मालक आणि ताईनं टाळ्या वाजवल्या.

"रविवारी नको," मास्तर म्हणाले.

"मग सोमवारी या म्हणता? तुम्हाला आता सगळे वार सारखेच."

"नको. घरी कुणी नसतं."

"वहिनी कुठं जातात?"

"ती नाही." मास्तरांनी जिभेकडे बघत सांगितलं, "तिला जाऊन आठ महिने झाले."

धाकटे मालक हसले. "मास्तर, आज तरी बिचाऱ्याची चेष्टा सोडा." मग त्यांनी ताईचं तोंड पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"मी म्हटलं होतं, सुटली," मास्तर म्हणाले. "तुम्हाला वाटलं घरी सोडलं. मग मला ते दुरुस्त करता आलं नाही."

ताईनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. प्लास्टरवाला उभाच होता.

"माझ्या टकलावर कोण बोललं?"

"मी."

"सासूवर?"

"मीच."

"मुलीच्या लग्नातलं?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली.

"ते मी चारशे माणसांना सांगितलं. आमच्या वहिनी म्हणाल्या म्हणून सांगितलं." बारा वर्षं अहो-जाहो करणारा प्लास्टरवाला आता एकेरीवर आला. "तू कोण रे माझ्या सासूवर बोलणारा? त्यांचा हक्क होता. मी त्यांना उलट बोलत होतो, त्या मला बोलत होत्या. तू मधला पोस्टमन. तुला कुणी सांगितलं होतं पत्रं लिहायला?"

"चुकलं माझं."

"आणि मी जे सांगायचो ते? आठ महिने मी रोज उत्तर देतोय. रात्ररात्र विचार करून देतोय. ते कुणाला सांगत होतास?"

"कुणाला नाही," मास्तर म्हणाले.

हे खोटं होतं. घरी गेल्यावर डबा घासताना नळ सोडून ते प्लास्टरवाल्याचं उत्तर मोठ्यानं म्हणायचे, शब्दाला शब्द. थोडं थांबायचे. मग नळ बंद करायचे. पण मालकांसमोर, ताईसमोर, हे त्यांच्या तोंडातून निघेना.

प्लास्टरवाल्यानं जीभ परत वर्तमानपत्रात गुंडाळली. नीट, चारी बाजूंनी. पिशवीत टाकली आणि चहा न पिता निघून गेला. खाली स्कूटर दोनदा सुरू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली.

"येईल वळणावर," मालक म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली. मालकांना ती पहिल्यांदाच असं बोलली आणि मालक गप्प बसले.

तो रविवार तसाच गेला, पुढच्या रविवारी ते दोघं मास्तरांच्या घरी आले. ताई बायकोच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं यांचा चेहरा कडक असेल. गोड दिसतायत की." मास्तर म्हणाले, "तोंड बंद आहे म्हणून." ताई हसली आणि तिला रडू आलं. धाकट्या मालकांनी मशीनबद्दल सांगितलं. न्यायाधीशाची वरची कवळी त्यातून काढली होती, ती बसत नव्हती, आणि न्यायाधीश रोज फोन करून बोबड्या आवाजात शिव्या देत होते. मास्तरांना बरं वाटलं. आपल्याला असं बरं वाटू नये असं त्यांना वाटलं, पण वाटलं.

निघताना त्यांनी ताईला विचारलं, "तो बोलतो का माझ्याबद्दल?"

"नाव काढत नाही. एक वाजला की डबा घेऊन जिन्यात जाऊन बसतो."

त्यानंतर मास्तर दोनदा बसनं कारखान्याच्या रस्त्यापर्यंत गेले. एकदा तर थेट जिन्याखाली, सव्वा वाजता. वर डब्याच्या झाकणाचा आवाज आला. काय म्हणायचं ते दीड तास बसमध्ये ठरवलं होतं, एक चांगलं खवचट वाक्यही तयार होतं, पण ते कुणाच्या नावावर सांगायचं हे ठरेना. ते तसेच परत आले.

त्याची उत्तरं आपण रोज तिला सांगत होतो, हे प्लास्टरवाल्याला सांगायचं अजून राहिलं आहे.