अंजिराशेजारी पुरलेले मडके

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असल्यामुळे मला फार काही दिसत नाही. समोर अंजिराचे खोड आणि वर आभाळाचा तुकडा, एवढेच माझे जग. पण तेवढ्यातही बरेच काही घडून गेले.

माझी माती साधीच होती. मळताना कुंभारकाकांनी तिच्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळला. भट्टीत तो जळून गेला आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहिली. माझ्या अंगातून पाणी हळूहळू झिरपावे म्हणून हा सारा खटाटोप.

"लोक गळकं मडकं परत करायला येतात," काका हसत म्हणाले. "गळकंच द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच, ताई."

या ताई शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. शहरापासून लांब, एका उतारावर त्यांनी जमीन घेऊन झाडे लावली होती. त्यांतले अंजीर त्यांच्या जिवापाड प्रेमाचे. माहेरचे घर विकले गेले तेव्हा नव्या मालकांनी अंगणातले अंजीर तोडले. त्याआधी ताईंनी त्याची एक फांदी आणून रुजवली होती. आईच्या हातच्या झाडाचे तेवढेच उरले होते.

आधी त्यांनी ठिबकच्या नळ्या टाकून पाहिल्या. उंदरांनी त्या कुरतडल्या. ज्या वाचल्या त्यांची तोंडे शेवाळाने बुजली. शिवाय लेकीचे बाळंतपण जवळ आले होते, त्यामुळे सगळा उन्हाळा ताईंना परगावी काढावा लागणार होता.

"मला असं काहीतरी हवं," त्या धाकट्या भावाला म्हणाल्या, "की बंद पडायला त्यात काही नसेलच."

"म्हणजे माझ्या डोक्यासारखं," भाऊ म्हणाला.

शेवटी ताईंनी आम्हा मडक्यांना पसंती दिली. आमचे काम सोपे असते. बाहेरची माती कोरडी पडली की ती आमच्यातले पाणी ओढून घेते. माती ओली झाली की ओढ थांबते. वीज नको, चावी नको. आठवड्यातून एकदा कोणी येऊन पाणी भरले आणि झाकण ठेवले की झाले. ते काम भावाकडे आले.

भाऊ रंगारी होता. दारे-खिडक्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जाताना ताईंनी त्याला सांगितले, "नुसत्या गळ्यांना पांढरा रंग लाव. वर उघडा राहणारा भाग उन्हाने तापायला नको."

त्याने बाकीच्या मडक्यांचे तसेच केले. मला मात्र त्याने शेवटी हातात घेतले आणि बराच वेळ फिरवून पाहिले.

"हे आईच्या अंजिराचं," तो स्वतःशीच म्हणाला. "याला अर्धवट कसं ठेवायचं?"

मग आधी अस्तर आणि त्यावर तेलरंगाचे दोन हात, बुडापासून काठापर्यंत. मी आरशासारखे चकाकू लागले. वाळल्यावर त्याने मला अंजिराच्या बाजूला पुरले आणि काठोकाठ भरले.

आठवडे गेले. दर फेरीला बाकीच्या मडक्यांतले पाणी तळाला गेलेले असे. माझे झाकण उचलले की भाऊ खूश होई. मला मात्र भोवतालची माती तडकताना ऐकू येत होती. एके दिवशी त्याने तिथूनच ताईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, बाकीची सगळी रिकामी होतात गं. अंजिराचं मात्र तुडुंब! आपलं काम म्हणजे काम."

"आणि झाड कसं आहे?"

"पानं पिवळी पडलीत जरा. गळतायत पण. ऊनच मरणाचं आहे."



"अरे, मडकं तुडुंब म्हणजे झाडाला काहीच मिळालेलं नाही. तू काय केलंस त्या मडक्याला?"

"काही नाही. रंग दिला."

"कुठे?"

"सगळीकडे. दोन हात."

"अरे देवा! त्याच्या अंगातून पाणी बाहेर यायला हवं, राजा. तू त्याला रेनकोट घातलास!"

भावाने फोन ठेवला. त्याने मला उकरून काढले, माझ्यातले सगळे पाणी अंजिराच्या बुडाशी ओतले आणि पत्र्याच्या पट्टीने माझा रंग खरवडायला बसला. मग पॉलिश पेपर घेतला. मित्रांनो, अंगाची सालटी निघणे काही सुखाचे नसते. पण संध्याकाळपर्यंत माझी लाल माती पुन्हा उघडी झाली. मला परत पुरून, भरून तो गेला.

पुढच्या फेरीला माझ्यातले पाणी अर्ध्यावर उतरले होते. अंजिरावर मात्र एकही पान नव्हते. भावाने शेंड्याची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. थोडे खाली खरवडली. तिथेही तपकिरी. मग तो गुडघ्यांवर बसला आणि अगदी बुडाशी नख लावले.

"ताई," तो फोनवर म्हणाला. "खाली हिरवं आहे."

"मग काही करू नकोस," ताई म्हणाल्या. "पाणी भर आणि घरी जा."

पाणी भरून झाले, तरी तो बराच वेळ तिथून हलला नाही.

उन्हाळा सरता सरता बुडाशी एक कोंब फुटला. ताई परतल्या तेव्हा त्यावर तळहाताएवढी पाने होती. त्यांनी ती पाहिली, भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पदराने डोळे पुसले.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे मी मन लावून काम केले. अंजिराची मुळे माझ्या ओलाव्याच्या दिशेने आली आणि मला बिलगली. वर्षानुवर्षे ती जाड होत गेली आणि एके दिवशी माझ्या पोटाला तडा गेला. आता माझ्यात पाणी ठरत नाही, म्हणून कोणी भरतही नाही. कधीकधी थोडे चुकल्याचुकल्यासारखे वाटते. पण एवढ्या मोठ्या झाडाला आता माझ्या पाण्याची गरजही राहिलेली नाही.

मित्रांनो, तुम्हीही झाडे लावाल, त्यांच्यासाठी कमी कष्टाची सोय निवडाल. जरूर निवडा. पण सोय कितीही चांगली असली, तरी तिच्याकडेच बघून परत फिरू नका. झाडाजवळच्या मातीत बोट घालून बघा, एखादे पान हातात घेऊन बघा. तेवढे कष्ट मात्र चुकवू नका.

माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तड्यातून शिरलेली मुळे माझ्या पोटात पसरली आहेत, आणि हल्ली त्यांना जागा कमी पडू लागली आहे.