जैतूनबीचा कोपरा

इलाही तांबोळी इतिकाफला बसले की खडकीतल्या त्या मोहल्ल्याचा जीव भांड्यात पडायचा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत मुक्काम ठोकायचा, अगदी गरजेशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही, सगळा वेळ अल्लाहच्या भक्तीला, इबादतीला द्यायचा, याला इतिकाफ म्हणतात. मोहल्ल्यातून एकजण जरी बसला तरी सगळ्यांचं भागतं. कुणीच नाही बसलं तर दोष सगळ्यांच्या माथी. आता बसणार कोण? तरणी पोरं सगळी खराडीच्या कंपन्यांत. दहा दिवस रजा मागायची म्हणजे साहेबाच्या हातात राजीनामाच ठेवायचा. मग उरले कोण, तर दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले इलाही.

बरं, त्यांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! ईदचा चंद्र दिसला की मशिदीतल्या त्यांच्या कोपऱ्याचा पडदा वर व्हायचा, कमिटीचे हाजी मुनाफ गळ्यात हार घालायचे, हात मिळवायला रांग लागायची. इलाही मान खाली घालून "सगळी अल्लाहची मेहरबानी" म्हणायचे खरे, पण पुढे आठवडाभर त्यांची चाल वेगळीच असायची. त्यांची बायको जैतूनबी ती चाल बघून तोंडाला पदर लावून हसायची. पहाटेच्या सहेरीचे आणि संध्याकाळच्या इफ्तारचे डबे करून करून तिचे हात मोडलेले असायचे, पण हार काही डब्याला घालत नाहीत.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती. जैतूनबी म्हणाली, "अहो, यंदा मीपण बसते म्हणते."

"कुठं?"

"घरात. बाईला घरातला कोपरा चालतो. नवऱ्याची परवानगी लागते तेवढी."

"आणि माझा डबा? तो काय फरिश्ते आणणार?"

"हेमा करते म्हणालीय." हेमा म्हणजे शेजारच्या दशरथची बायको. दशरथ आणि इलाही फॅक्टरीत एकाच पाळीला होते, अर्ध्या आयुष्याची सोबत.

इलाही हसले. "बस बाई. तेवढीच तुझी हौस."

हौस! यांची ती इबादत आणि तिची ती हौस. जैतूनबी कामाला लागली. दोन खोल्यांचं घर, मोकळा कोपरा एकच, स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीमागे. मुलगा तौफीक कंपनीने अमेरिकेला धाडलेला, त्यामुळे घरात अडचण कुणाची नव्हती. तिने तिथे जुनी साडी बांधली, नमाजाची जानमाज अंथरली आणि यांचा मुक्काम मशिदीत हलला त्याच संध्याकाळी तीही आत जाऊन बसली.

डबा दशरथ आणून द्यायचा. मेथीच्या भाजीत दाण्याचं कूट बघून इलाही कुरकुरायचे. "जैतून कशी आहे" असं एकदाही त्यांनी विचारलं नाही. आत बसल्यावर दुनियेच्या गोष्टी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

चंद्राला तीनेक दिवस उरले असतील. दुपारची नमाज नुकतीच झाली होती. दशरथ मशिदीच्या दारात आला, तोही रिकाम्या हाताने.

"इलाही, चल घरी. वहिनीच्या छातीत कळ आलीय. घामाने नुसती भिजलीय. डॉक्टर बघून गेला, म्हणाला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. रिक्षा दारात उभी केलीय."

"मग ने ना बाबा! माझी वाट कशाला बघतोस?"

"उठत नाही ती! हेमा पाया पडली तिच्या. म्हणते, ते बसलेत तोवर मीपण बसणार. त्यांनी येऊन ऊठ म्हटलं तरच उठेन. अरे, हात धरून ओढू का तिला?"

मौलाना तिथेच होते. तरुण माणूस, पण डोकं थंड. ते म्हणाले, "इलाहीभाई, जा तुम्ही. दोघांनाही मुभा आहे. इतिकाफ मोडलं तर पुढे एका दिवसाची कजा करता येते, म्हणजे तो दिवस नंतर भरून काढायचा. आत्ता घरी जाणं हीच इबादत आहे."

इलाही अर्धे उठलेही होते. तेवढ्यात खांबाला टेकलेले हाजी मुनाफ हळूच म्हणाले, "तीन दिवस राहिले होते फक्त. असो. अल्लाहची मर्जी."

इलाही पुन्हा बसले. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे जैतून नव्हती, हार होता. हे त्यांना स्वतःला कळलं, आणि कळूनही ते बसले. माणूस किती नालायक होऊ शकतो बघा.

"फोनवर सांगतो तिला," ते म्हणाले.

मौलानांनी आपला मोबाइल लावून दिला. घरचा फोन हेमाने उचलला आणि वायर ताणून कोपऱ्यापर्यंत नेला.

"जैतून, ऊठ. दवाखान्यात जा. माझी परवानगी आहे."

"तुम्ही या," तिचा आवाज पार खोल गेला होता. "तुम्ही आलात की उठते."

"वेडी आहेस का? माझं मोडेल ना!"

पलीकडे तिला धाप लागली होती. मग ती म्हणाली, "आणि माझं? ते मोडत नाही होय?"

"अगं, तुझी हौस आहे! माझ्यावर अख्ख्या मोहल्ल्याची जबाबदारी आहे!"

"बरं," जैतूनबी म्हणाली. "बसा मग. मीपण बसते."

फोन बंद झाला. दशरथने इलाहींकडे असं बघितलं, जसं एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. "हार घालून घे," एवढंच बोलून तो गेला.

इलाहींनी पडदा ओढला, कुराण उघडलं. डोळे एकाच ओळीवर अडकून पडले. बाहेर कुठेतरी दिवाळीची फटाक्यांची माळ लागली आणि ते दचकले. जिद्दी आहे, पण एवढी नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. हेमा उठवेल. गेली असेल एव्हाना. मग वाटलं, नसेल गेली तर? चाळीस वर्षं त्या बाईने एक गोष्ट मागितली नव्हती. मागितलं ते हे, की या. हे मनात आलं मात्र, इलाही पडदा बाजूला सारून धावले. हाजी मुनाफ मागून काहीतरी म्हणाले. चपला मशिदीच्या पायरीशीच राहिल्या.

गल्लीत बायका रांगोळ्या काढत होत्या. रिक्षा अजून दारातच उभी होती. ती बघून इलाहींना क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, वेळेत पोहोचलो. मग रिक्षावाला टोपी काढून बाजूला झाला.

जैतूनबी जानमाजेवर आडवी होती. जपाची तसबीह बोटांतच होती. "आत्ताच हो, भाऊजी," हेमा रडत म्हणाली. "दाराकडेच बघत होती."

"ऊठ," इलाही म्हणाले. "जैतून, आलो मी. ऊठ." ते म्हणतच राहिले. शेवटी दशरथने त्यांना खांद्याला धरून बाजूला घेतलं.

तौफीक अमेरिकेहून पोहोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तो बापाशी एक शब्द बोलला नाही. त्या ईदला मशिदीत हार आलाच नाही.

ईद झाल्यावर मौलाना भेटायला आले. इलाहींनी विचारलं, "तिचं पूर्ण झालं?"

"जानमाजेवर गेल्या त्या. अल्लाह जाणे, पण माझ्या मनात शंका नाही."

"आणि माझं?"

"मोडलं त्या दिवसाची कजा करा. रोजा ठेवा आणि एक दिवस मशिदीत बसा."

"तिच्या कोपऱ्यात बसलो तर?"

"पुरुषाचं घरात होत नाही, इलाहीभाई. मशिदीतच बसावं लागतं."

"त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, घरी जाणं हीच इबादत आहे!"

"त्या दिवशी होती," मौलाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इलाहींनी रोजा ठेवला आणि कोठीमागे त्या जुन्या साडीआड जाऊन बसले. होत नाही हे ठाऊक होतं. संध्याकाळी हेमाने डबा आणून ओट्यावर ठेवला, दोन हाका मारल्या आणि निघून गेली. अजान झाली, रोजा सुटायची वेळ झाली, तरी इलाहींना उठवेना. त्यांना ऊठ म्हणायला आता कुणी यायचं?