बापाच्या बोटांच्या खुणा

मी एक बेसबॉलचा चेंडू बोलतोय, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातून. मला बघून एखादा मोठा सामना जिंकल्याची आठवण वाटेल, पण तसं काही नाही. मी एकही सामना खेळलेलो नाही.

पोटात बूच, त्यावर लोकरीचा धागा, वर पांढरं कातडं आणि लाल दोऱ्याचे एकशे आठ टाके, असा माझा जन्म. हे टाके शोभेचे नसतात. त्यांच्यावर बोटं कशी बसतात, त्यावर माझी चाल ठरते.

मला विकत घेतलं लेथवर काम करणाऱ्या एका माणसाने. तरुणपणी तो कारखान्याच्या संघातून चेंडू फेकायचा, तेव्हा लोक त्याला ‘तोफ’ म्हणायचे. लोक कधीच विसरले, तो मात्र नाही. चौदा वर्षांच्या लेकीला शिकवायला म्हणून त्याने मला घरी आणलं.

पहिल्या दिवशी त्याने तिला फोर-सीम, म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दाखवला. दोन बोटं टाक्यांवर आडवी, अंगठा खाली, तळहात आणि चेंडू यांत थोडी फट. पोरीने एकदाच बघितलं आणि मला सोडलं. मी सरळ, सुसाट गेलो आणि अंगणात टांगलेल्या जुन्या गादीच्या मधोमध धप्पकन बसलो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तोफसाहेब म्हणाले, “हं. हे कुणालाही येतं.”

मग त्यांनी रंगीत पेनं काढली, स्वतःचा पंजा माझ्यावर ठेवला आणि प्रत्येक बोटाखाली ठिपका काढला. निळे ठिपके टू-सीमचे. त्यात बोटं टाक्यांवर लांबीने ठेवतात, म्हणजे चेंडू शेवटी बाजूला वळतो. हिरवे कटरचे, बोटं जरा बाहेर आणि दाब मधल्या बोटाचा, म्हणजे चेंडू किंचित उलट बाजूला सरकतो. काळे स्प्लिटरचे. त्यात दोन बोटं फाकवून टाक्यांच्या बाहेर धरतात, म्हणजे चेंडू वेगाने येतो आणि ऐन वेळी खाली पडतो. लेथवरचा माणूस, मोजमाप अगदी बिनचूक. फक्त माप त्याच्या पंजाचं होतं.

निळं-हिरवं पोरीने कसंबसं जमवलं. काळ्यापर्यंत तिची बोटं पोचेनात.

“बाबा, पुरत नाहीत.”

“ताण. पुरतील.”

तिची आई कपडे शिवते. खिडकीतून ती म्हणाली, “अहो, तिचा पंजा केवढा, तुमचा केवढा! दुसऱ्याच्या मापाने मी साधं झबलंसुद्धा बेतत नाही.”

“तुला खेळातलं काय कळतं?” तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

अभ्यास करतानासुद्धा पोरगी मला दोन बोटांत कोंबून बसायची. बोटं लांब होतील अशी तिची आशा. फेकताना पकड पुरायची नाही, ती कसर ती कोपर पिळून भरून काढायची. प्रत्येक फेकीनंतर ती कोपर चोळायची. मी चेंडू. माझं बोलणं त्या माणसाला ऐकू जात असतं तर चार शब्द सुनावले असते.

शाळेच्या संघाच्या निवडीचा दिवस उजाडला. सकाळीच तो अंगणात आला. “निघण्याआधी दहा स्प्लिटर टाक. दुखतंय-बिखतंय काही सांगू नकोस.”

सातव्याला तिच्या कोपरात काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. मी गादीपर्यंत पोचलोच नाही. ती खाली बसली, रडलीही नाही. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, फेकणं मात्र विसरा.

त्याला तीन वर्षं झाली. पाहुणे आले की तो मला कपाटातून काढतो, ठिपके दाखवतो आणि म्हणतो, “मी सगळं शिकवलं हो. पोरीत जिद्दच नव्हती.”

परवा ती डाव्या हाताने चहाचा ट्रे घेऊन आली होती. पहिल्यांदाच बोलली. “जिद्द होती, बाबा. बोटं आखूड होती.”

तो पाहुण्यांकडे वळून हसला. “बघा, अजून सबबी!”

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली.

माझं आता काही राहिलेलं नाही. कातडं पिवळं पडलंय, मी इथेच पडून राहीन. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की ती कधी भेटली तर तिला सांगा, तुझा फोर-सीम फार सुरेख होता. हे तिला तिच्या बापाने आजवर एकदाही सांगितलेलं नाही.