मुलीकडची

तापाच्या साथीने शहर रिकामं झालं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. उरलेली एकवीस माणसं एका तीन मजली शाळेत राहत. सासूबाई आणि त्यांची सून यांच्या वाट्याला तळमजल्यावरचा चौथीचा वर्ग आला होता. बाकं भिंतीला सरकवून त्यांनी दोन बिछाने घातले होते. ज्याच्यामुळे त्या एकमेकींच्या सासू-सून झाल्या, तो साथीत गेला होता. एकमेकींना सोडून जायचं मात्र दोघींच्याही मनात आलं नाही.

सून पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. तिने हाळी दिली की शेवटच्या सीटवर डुलक्या घेणारासुद्धा दचकून जागा व्हायचा. नवरा गेला आणि तो आवाज बसला तो बसलाच. सकाळपासून ती विहिरीचं पाणी वाहायची, "जेवलात का?" आणि "झोपा आता" यापलीकडे दिवसभरात शब्द नाही. सासूबाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, एकदा तर मुद्दाम भांडण उकरून काढलं. पण भांडायलाही समोरच्याने तोंड उघडावं लागतं!

मग पुलापलीकडून प्लंबर आला. चाळिशीचा, जरासा लंगडणारा, पाठीवर अवजारांची जड पिशवी. त्याच्या घरचं कुणी उरलं नव्हतं. दोन वेळचं जेवण आणि अंग टाकायला कोपरा, एवढ्यावर तो वस्तीवस्तीतले नळ सुरू करून द्यायचा. शाळेमागच्या टेकडीवरची टाकी झऱ्याच्या पाण्याने भरलेली होती. खाली येणारा पाइप तेवढा जागोजागी फुटला होता.

"एक माणूस लागेल," तो म्हणाला. "मी वर व्हॉल्व्हपाशी असणार. गळती दिसली की खालून ओरडून सांगायचं."

सासूबाईंनी लगेच सुनेकडे बोट दाखवलं.

पहिल्या दिवशी सुनेने नुसता हात हलवला. प्लंबरला तो दिसलाच नाही, आणि सांध्यातून उडालेल्या पाण्याने ती नखशिखांत भिजली. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून "बंद करा!" निघालं, तेही घोगरं. आठवड्याभरात लोक खिडक्यांशी येऊन ऐकू लागले. एकदा पाइपात हवा अडकली, पाणी नुसतं गुरगुरत राहिलं. तिने कमरेवर हात ठेवले आणि पाइपालाच दम भरला, "पुढे चला, पुढे! दारात गर्दी करू नका!" वर प्लंबर हसला, आणि मग तीही हसली.

अंगणात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंच्या काळजात चर्र झालं. माझा लेक मातीत गेला आणि ही हसतेय! पुढच्याच क्षणी त्या स्वतःवर चिडल्या. याच हसण्यासाठी तीन वर्षं देव पाण्यात घालून बसले होते ना मी?

संध्याकाळी त्यांनी प्लंबरला गाठलं.

"किती राहिलं रे काम?"

"दोन सांधे, मावशी. परवा पाणी येईल."

"आणि मग?"

"मग काय, पुढची वस्ती."

दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा पाना नाहीसा झाला. एकवीस माणसांनी शाळा पालथी घातली. चार दिवस काम ठप्प. पाचव्या दिवशी बिछाने उन्हात टाकताना सुनेला तो सासूबाईंच्या गादीखाली सापडला.

"आई, हा इथे कसा?"

"उंदरांनी ओढून आणला असेल."

"दोन किलोचा पाना?"

सासूबाई तिथेच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "काम संपलं की तो जाणार आणि तू पुन्हा मुकी होणार. मला नाही सोसायचं ते."

"आई, पण तुम्हाला..."

"वाटलं ना वाईट, तू हसलीस तेव्हा. खोटं कशाला बोलू? पण तू गप्प असतेस तेव्हा त्याहून वाईट वाटतं गं."

सून खाली बसली, त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. सासूबाई नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग दोघी मिळून प्लंबरकडे गेल्या.

"मी लपवला होता," सासूबाई म्हणाल्या. "दे काय शिव्या द्यायच्यात त्या."

"कशाला, मावशी? पिशवीत दुसरा आहे."

"अरे, मग चार दिवस काय झक मारत होतास?"

त्याचे कान लाल झाले. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "शोधण्यात जेवढे दिवस जातील तेवढे बरे, असं वाटलं."

"उतरायचं नव्हतं, तर आधी सांगायचं ना!" सून म्हणाली. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला.

दोन दिवसांनी नळाला पाणी आलं, आधी गंजाचं लाल, मग स्वच्छ. प्लंबर आजूबाजूच्या वस्त्यांची कामं करू लागला, पण मुक्कामाला शाळेतच परतायचा. थंडी सुरू झाल्यावर दोघांनी लग्न करायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याने गमतीत विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या हो?"

"मुलीकडची," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

लग्नाच्या सकाळी त्यांनी पेटीतून लेकाचा निळा सदरा काढला आणि प्लंबरसमोर धरला. त्याने आधी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा त्याने तो अंगात चढवला. खांद्यात नीट बसला, बाह्या मात्र लांब झाल्या. सासूबाई पुढे झाल्या आणि एकेक बाही सावकाश दुमडत राहिल्या.