बुडालेल्या गावाची घंटा

इद्वालच्या बोटीत गावातलं माणूस कधी बसत नसे. रोज फुकटात दिसणारे सील बघायला खिशाला चाट कोण लावणार? बसायचे ते सुट्टीला आलेले पाहुणे. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या पोर्थ वुलानमध्ये माणूस धंद्यावरून ओळखला जातो, म्हणून हा 'इद्वाल बोट', आणि त्याचा बाप मरेपर्यंत 'हॅरी कोळसा'. इद्वालच्या बायकोला, नेरिसला, मात्र कोणी 'नेरिस घंटा' म्हणत नसे. कारण ती काय करते हे गावाला ठाऊकच नव्हतं.

ओहोटी लागली की नेरिस खडकांवरून चालत सुळक्यामागच्या गुहेत जाऊन बसायची. इद्वाल बोट तिथवर आणायचा, इंजिन बंद करायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "या पाण्याखाली एक अख्खं गाव बुडालेलं आहे. नशीब असेल तर त्यांच्या चर्चची घंटा अजून ऐकू येते." इंजिन थांबलं की नेरिसने गुहेत टांगलेल्या घंटेचा दोर ओढायचा, हे ठरलेलं. पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा. बोट पुढच्या वर्षी पुन्हा भरायची.

गोष्ट गावाची, पणजोबांच्या आधीपासूनची. घंटा मात्र शाळेची होती.

मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद पडली आणि इमारत बर्मिंगहॅमच्या पेटिफर नवराबायकोने विकत घेतली. ते राहायला येण्याआधी इद्वालने शिडी लावून घंटा उतरवली. परक्यांच्या दारात शोभेला टांगण्यापेक्षा आपल्याकडे बरी, असं त्याला मनापासून वाटलं होतं. दोन दिवसांनी सांगू, सगळे हसतील, असाही बेत होता. पण सांगायच्या आतच गावाने घंटेची रिकामी चौकट पाहिली आणि पेटिफर चोर ठरून गेला. चॅपेलच्या सभेत एलिनेड बाई उठल्या. सारी हयात त्या शाळेत घालवलेली ही बाई, पेटिफरकडे बोट करून म्हणाली, "तुम्ही इमारत विकत घेतलीत, आमची घंटा नव्हे. चोर आहात तुम्ही." मागच्या बाकावर बसलेला इद्वाल आपल्या बुटांकडे बघत राहिला.

पेटिफर भला माणूस. भांडण मिटावं म्हणून त्याने नवी घंटा ओतून घेतली आणि गावाच्या हॉलला दिली. गाव म्हणालं, चोराच्या मनात चांदणं. त्या घंटेला आजवर कोणी हात लावलेला नाही. पेटिफर वेल्श शिकू लागला, रस्त्यात भेटेल त्याला वेल्शमध्ये "सुप्रभात" म्हणू लागला. लोक इंग्रजीत उत्तर द्यायचे, "हो, पाऊस येईलसं दिसतंय." बाई पुढे म्हातारपणी शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या.

सप्टेंबरातल्या एका सकाळी त्या धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. सोबत भाची लोइस होती.

"कोण, इद्वाल का रे? हात दे. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, तेव्हा कुजबुजू नकोस."

इद्वालने आधी सुळक्याच्या दिशेने पाहिलं. "बाई, आज लाटा आहेत हो. उद्या नेतो तुम्हाला, एकट्यांनाच."

"लाटांना भ्यायले असते तर तुमच्या वर्गाला शिकवलं असतं का मी?" बाई बोटीत चढल्यासुद्धा. "जायच्या आधी एकदा आपली खाडी ऐकायचीय मला."

नेरिस गुहेत पोचली होती आणि तिथे फोन लागत नसे. इंजिन बंदच करायचं नाही, बोट सुळक्यावरून सरळ पुढे काढायची, असं इद्वालने ठरवलं. पाहुण्यांना पक्षी दाखवत तो भराभर बोलत सुटला. सुळका जवळ आला आणि लोइस किंचाळली, "पिल्लू! सीलचं पिल्लू आहे समोर!"

पिल्लू दिसलं की इंजिन बंद करायचं, हा या किनाऱ्याचा नियम. न पाळणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. इद्वालने इंजिन बंद केलं.

टण्. मग दुसरा ठोका, घोगरा, घसा बसल्यासारखा.

घंटेचा आवाज बसवणारी ती चीर इद्वालनेच पाडलेली. शाळेत असताना बेचकीने नेम धरला होता. बाईंनी त्याला सगळ्या शाळेपुढे उभं करून कबूल करायला लावलं होतं आणि मग जवळ घेतलं होतं.

"अगं बाई, खरंच ऐकू येते की!" एक पाहुणी पुटपुटली. बाई ताठ बसल्या होत्या. बोलल्या त्या वेल्शमध्ये, पाहुण्यांना कळू नये म्हणून.

"दुसऱ्या ठोक्याला अजून खोकतेच की रे ती."

"बाई, मी..."

"इथे नको. पाहुण्यांचे पैसे वसूल होऊ देत."

परतीच्या वाटेवर इद्वालला एकही पक्षी दिसला नाही. धक्क्यावर नेरिस ओल्या बुटांनी हसत उभी होती. "आज कशी दणक्यात..." एवढं म्हणाली आणि तिला बाई दिसल्या.

"मला शाळेत ने," बाई इद्वालला म्हणाल्या.

"तिथे आता ते पेटिफर..."

"माहीत आहे. त्यालाच मी देवाच्या घरात चोर म्हटलं. तू कुठे होतास तेव्हा?"

"मागच्या बाकावर."

"आणि?"

"गप्प बसलो." शरमेने इद्वालचे कान पेटले होते. या वयात, बायकोसमोर.

बाईंचा हात धरून तो चढण चढला आणि दार वाजवलं. पेटिफरने दार उघडलं. दोघांना पाहून त्याचा चेहरा असा उजळला की इद्वालला नजर वर ठेववेना.

"या, या! आत या!" पेटिफर मोडक्या वेल्शमध्ये म्हणाला आणि मागे वळून इंग्रजीत ओरडला, "जोआन! अगं, पाहुणे आलेत! गावातले!"

जोआनची धांदल उडाली. तिने 'बारा ब्रीथ' केला होता. मनुका घातलेला हा इथला पाव ती दर आठवड्याला करायची आणि दोघंच खायची. कपाटातून नवे कप निघाले. त्यांना दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. ती नखाने खरवडत जोआन म्हणाली, "कोणी आलं की काढू म्हणून ठेवले होते."

इद्वाल खुर्चीत टेकायला वाकला.

"इद्वाल." बाईंचा वर्गातला आवाज. "उभा राहून सांग."

तो उभा राहिला. पेटिफरने पावाची बशी पुढे केली. "आधी खा हो, बोलायला काय, दुपार पडलीय."

"मिस्टर पेटिफर, शाळेची घंटा मी काढली. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी तिथेच होतो. बोललो नाही."

"आणि चोर मी म्हटलं," बाई म्हणाल्या. "न बघता, न विचारता. माझी चूक झाली."

पेटिफर रागावला असता तर बरं झालं असतं. तो बशी तशीच धरून उभा राहिला. मग त्याने जोआनकडे पाहिलं. तिचं नख कपावरच थांबलं होतं.

"अच्छा," तो हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्ही सहज नाही आलात."